०.४ टक्के की १३ टक्के? लिंगाचा बाक, त्याची मोजणी आणि डॉक्टरकडे जायची वेळ

पेट किंवा नेटची तयारी करताना 'प्रिव्हेलन्स'ची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. ठरावीक वेळी आजार असलेले लोक वर, एकूण लोकसंख्या खाली, गुणिले शंभर. व्याख्या सोपी, त्यामुळे आकडाही सोपाच असणार असं वाटतं. कुणीतरी मोजला असेल, पेपरात छापला असेल, आपण फक्त आपल्या प्रस्तावनेत उचलून ठेवायचा.

आज एक असा आजार घेऊ, ज्याचा छापील आकडा ०.४ टक्क्यापासून १३ टक्क्यांपर्यंत कुठेही सापडतो. तीसपटीहून जास्त फरक! आजार पुरुषांच्या लिंगाचा आहे. 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. पण ही अवघड जागाच या तीसपट फरकाचं मोठं कारण आहे, आणि याच अवघडलेपणामुळे कित्येक पुरुष उपचाराचे महत्त्वाचे महिने गमावतात. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र बघू : आकडा कसा वाचायचा, आणि डॉक्टरकडे कधी जायचं.

आधी आजार समजून घेऊ

पहिली गोष्ट, थोडा बाक असणं हा आजार नाही. ताठर झाल्यावर लिंग डावीकडे, उजवीकडे किंवा वर थोडंसं झुकणं अगदी सर्वसाधारण आहे. शरीराचा कुठलाच अवयव फूटपट्टीने आखलेला नसतो.

काही जणांना हा बाक जन्मापासूनच जास्त असतो. वयात आल्यावर तो लक्षात येतो. त्यात गाठ नसते, दुखत नाही आणि वर्षानुवर्षं तो तसाच राहतो. याला जन्मजात वक्रता म्हणतात.

आपला आजचा विषय मात्र पेरोनीज आजार हा आहे. यात आधी सरळ असलेलं लिंग नंतर कधीतरी वाकू लागतं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शल्यचिकित्सक फ्रांस्वा द ला पेरोनी याने १७४३ मध्ये या आजाराबद्दल लिहिलं, म्हणून त्याचं नाव आजाराला चिकटलं. त्याने सुचवलेला उपाय होता बारेज गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा. (हा झरा लक्षात ठेवा, उपचारांच्या भागात त्याची आठवण येईल.)

नेमकं काय होतं? लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन लांबट नळ्या असतात. त्यांच्याभोवती ट्युनिका अल्बुजिनिया नावाचं चिवट पण ताणलं जाणारं आवरण असतं. नळ्यांत रक्त भरलं की हे आवरण सगळीकडून सारखं ताणलं जातं आणि लिंग ताठ होतं. पेरोनीजमध्ये या आवरणाच्या एका भागात व्रण तयार होतो. जखम भरताना कातडीवर जसा कडक वण राहतो, तसाच. डॉक्टर याला प्लाक म्हणतात. हा भाग ताणला जात नाही. लांबट फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावून तो फुगवून बघा, फुगा पट्टीच्या बाजूला वाकतो. इथेही तसंच होतं. प्लाक बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतो, म्हणून लिंग बहुधा वरच्या दिशेने वाकतं. काहींची लांबी कमी होते, काहींना मध्येच कमरेसारखी अरुंद जागा तयार होते.

संबंधाच्या वेळी बसणारे लहान लहान मार आणि ते भरून येण्यातली गडबड, हे कारण सर्वाधिक मानलं जातं. मात्र असा मार बसलेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. हाताची बोटं तळव्याकडे वाकवणारा ड्युपुट्रेन नावाचा एक विकार आहे, तो असलेल्यांत पेरोनीज जास्त दिसतो. मधुमेहाशीही संबंध दिसलेला आहे. पण तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात : हा कॅन्सर नाही, हा संसर्गजन्य नाही, आणि हा हस्तमैथुनाची 'शिक्षा' तर मुळीच नाही.

चार अभ्यास, चार उत्तरं

आता आकड्यांकडे येऊ. चार अभ्यास बघा.

१) अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर शहर. १९५० ते १९८४ या काळातल्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. १९९१ साली छापलेलं उत्तर : एक लाख पुरुषांमागे साधारण ३८९, म्हणजे ०.४ टक्के.

२) जर्मनीतील कोलोन परिसर, २००१. ३० ते ८० वयाच्या ८,००० पुरुषांना टपालाने प्रश्नावली पाठवली. ४,४३२ जणांनी उत्तर दिलं. लिंगात हाताला लागणारी कडक जागा असल्याचं १४२ जणांनी सांगितलं. म्हणजे ३.२ टक्के. तिशीतल्यांत १.५ टक्के, सत्तरीपुढच्यांत ६.५ टक्के.

३) अमेरिका, २००४. प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीसाठी आलेल्या ५३४ पुरुषांची डॉक्टरांनी स्वतः हात लावून तपासणी केली. उत्तर : ८.९ टक्के.

४) अमेरिका, २०१६. ७,७११ पुरुषांचं सर्वेक्षण. डॉक्टरांनी निदान केलेले फक्त ०.५ टक्के. पण निदान न झालेले, मात्र तशी लक्षणं सांगणारे 'संभाव्य' रुग्णही धरले, तर आकडा १३.१ टक्के.

यातला खरा कुठला? मुलाखतीत असा प्रश्न आला तर बरेच विद्यार्थी 'सगळ्यात नवीन' किंवा 'सगळ्यात मोठ्या नमुन्याचा' असं उत्तर देतात. पण नीट बघा, हे चारही अभ्यास एकाच प्रश्नाचं उत्तर देतच नाहीत.

पहिला मोजतो डॉक्टरपर्यंत पोहोचलेले पुरुष. दुसरा मोजतो स्वतःला कडक जागा जाणवलेले आणि ते कागदावर लिहायला तयार असलेले पुरुष. तिसरा मोजतो डॉक्टरच्या हाताला सापडलेले पुरुष, पण तपासणीला आलेले हे पुरुष उतारवयाचे आहेत आणि वय वाढलं की हा आजार वाढतो. चौथा एकाच लोकसंख्येवर दोन व्याख्या लावून बघतो.

माझ्या मते चौथा सगळ्यात शिकवणारा आहे. देश तोच, वर्ष तेच, माणसं तीच. बदलली फक्त 'रुग्ण' या शब्दाची व्याख्या, आणि आकडा ०.५ वरून १३.१ वर गेला. अर्थात १३ टक्के हा 'खरा' आकडा आणि ०.५ 'खोटा' असंही नाही. लक्षणं सांगणाऱ्यांत जन्मजात बाक असलेले किंवा वेगळ्याच कारणाने दुखणारे लोकही येऊ शकतात. व्याख्या घट्ट केली तर गप्प बसलेले सुटतात, सैल केली तर भलतेच आत येतात. यातलं आपण काय निवडलं आणि का, हे लिहिणं म्हणजे संशोधन पद्धतीचं प्रकरण.

ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचं काय?

कोलोनच्या अभ्यासावर एक छोटा कागदी हिशोब करू. कॅल्क्युलेटरही लागणार नाही.

८,००० पैकी ४,४३२ जणांनी उत्तर दिलं, म्हणजे ३,५६८ जण गप्प राहिले. ३.२ टक्के हे प्रमाण फक्त उत्तर देणाऱ्यांचं आहे. आता दोन टोकं बघू.

समजा गप्प राहिलेल्यांपैकी एकालाही आजार नव्हता. त्रास नाही, म्हणून पत्र कचऱ्यात टाकलं. मग १४२ भागिले ८,०००, म्हणजे १.८ टक्के.

आता उलट समजा. ज्यांना त्रास होता तेच लाजले, आणि गप्प राहिलेल्यांत प्रमाण दुप्पट होतं, ६.४ टक्के. मग त्यांच्यात साधारण २२८ रुग्ण. १४२ अधिक २२८ बरोबर ३७०. भागिले ८,०००, म्हणजे ४.६ टक्के.

म्हणजे एका अगदी नीट केलेल्या अभ्यासातही खरं उत्तर १.८ ते ४.६ मध्ये कुठेही असू शकतं. आपण दोन टोकं किती लांब धरतो त्यावर हे अंतर अवलंबून आहे. इथे एक सवय लावून घ्या. 'लाजेमुळे आकडा नेहमी कमीच येतो' असं गृहीत धरू नका. कधी त्रास असलेलाच माणूस आतुरतेने उत्तर देतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारलेलं असतं. कल कुठल्या दिशेला आहे, हे युक्तिवादाने किंवा जास्तीच्या माहितीने दाखवावं लागतं.

गप्प राहण्याची किंमत

इथपर्यंत आकड्यांची गंमत झाली. पण गप्प राहणाऱ्या माणसाचं प्रत्यक्षात काय होतं?

पेरोनीजचे ढोबळमानाने दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात व्रण तयार होत असतो. ताठरतेच्या वेळी दुखतं, बाक वाढत किंवा बदलत असतो. हा टप्पा काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष चालतो. दुसऱ्या टप्प्यात दुखणं थांबतं आणि बाक आहे तिथे स्थिर होतो.

२००६ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आजार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलेल्या आणि उपचार न घेतलेल्या २४६ पुरुषांवर किमान वर्षभर लक्ष ठेवलं. बाक आपोआप सुधारला १२ टक्क्यांचा, तसाच राहिला ४० टक्क्यांचा, वाढला ४८ टक्क्यांचा. दुखणं मात्र सुरुवातीला ज्यांना होतं त्यांच्यापैकी ८९ टक्क्यांचं थांबलं.

हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पुन्हा वाचा. दुखणं जवळपास सगळ्यांचं थांबतं, बाक आपोआप थोड्याच जणांचा सुधारतो. घरी गप्प बसलेल्या माणसाला यातून काय वाटणार? 'दुखायचं थांबलं, म्हणजे बरं होतंय.' प्रत्यक्षात दुखणं थांबणं याचा अर्थ व्रण पक्का होत आलाय असाही असू शकतो. म्हणून 'थोडे दिवस बघू' हा आपला आवडता उपाय या आजारात फसवा आहे.

शिवाय त्रास फक्त शरीराचा नसतो. रुग्णालयात आलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात जवळपास निम्म्या पुरुषांत दखल घेण्याइतकं नैराश्य आढळलं. (हे रुग्णालयात आलेले रुग्ण आहेत. सगळ्यांना हे प्रमाण लावता येईल का? वरचा भाग आठवा आणि तुम्हीच ठरवा.)

डॉक्टरकडे कधी जायचं?

*लगेच, रात्र असली तरी* : संबंधाच्या वेळी 'कट्' असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, काळंनिळं पडलं, तर ती आवरण फाटण्याची इजा असू शकते. लघवीच्या जागेतून रक्त येत असेल किंवा लघवी होत नसेल तर जास्तच घाई करा. ताठरता चार तासांहून जास्त टिकून राहिली तरीही थेट तातडीच्या विभागात जायचं. या दोन्ही गोष्टींत तास महत्त्वाचे असतात.

*थोड्या दिवसांत, अपॉइंटमेंट घेऊन* : आधी नसलेला बाक आता दिसतोय, गाठ किंवा कडक पट्टा हाताला लागतोय, ताठरतेत दुखतंय, लांबी किंवा जाडी कमी झाल्यासारखी वाटतेय, ताठरता कमी झालीय, संबंध अवघड झालाय. यातलं एकही पुरेसं आहे. कातडीवर न भरणारी जखम, फोड किंवा वाढणारी गाठ असेल, तर ते पेरोनीज नसून वेगळं काही असू शकतं, तेव्हा तर दाखवायलाच हवं.

*सवडीने, किंवा गरजच नाही* : वयात आल्यापासून तेवढाच बाक आहे, दुखत नाही, अडचण नाही, तर बहुधा काही करावं लागत नाही. पण संबंधात अडथळा येत असेल, जोडीदाराला दुखत असेल किंवा लग्नाच्या आधी मनात सतत हीच भीती असेल, तर एकदा दाखवून शंका मिटवणं चांगलं.

*लहान मुलांत* : बाकाबरोबर लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असेल, तर मुलांच्या शल्यचिकित्सकांना दाखवायचं. अशा वेळी त्यांनी सांगेपर्यंत सुंता करू नये, कारण शस्त्रक्रियेत तीच कातडी उपयोगी पडू शकते.

जायचं कुणाकडे? युरोलॉजिस्टकडे. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' लिहिलेलं असतं, त्यांच्याकडे नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीतून पुढे पाठवतात. तिथे डॉक्टर प्रश्न विचारतात आणि हाताने तपासतात. बाक विश्रांतीत दिसत नाही, म्हणून घरी ताठर अवस्थेत वरून आणि बाजूने काढलेला फोटो दाखवला तर उपयोग होतो. शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शनचा विचार असेल तर दवाखान्यात औषधाने ताठरता आणून कोन मोजतात, गरजेप्रमाणे सोनोग्राफी करतात.

कोन का मोजायचा, अंदाज का नाही? कारण स्वतःच्या बाकाचा अंदाज पुरुष अनेकदा चुकवतात, आणि आहे त्याहून जास्त सांगणारे जास्त असतात. भीतीने कोन मोठा दिसतो.

उपचार, आणि प्लासिबोचा धडा

बारेजचा झरा आठवतोय ना? त्यानंतरही बरेच 'झरे' आले. १९४० च्या दशकापासून व्हिटॅमिन ई दिलं गेलं, आणि काही रुग्ण बरे होतही होते. पण १२ टक्के तर काही न करताच सुधारतात, हे आपण आत्ताच पाहिलं. तुलनेला गट नसेल तर हे श्रेय गोळीला जातं. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तर व्हिटॅमिन ई देऊ नये असंच म्हटलंय.

तुलनेचा गट किती बोलतो हे बघायचं असेल, तर कोलाजिनेज इंजेक्शनच्या २०१३ मध्ये छापलेल्या चाचण्या वाचा. ३० ते ९० अंश बाक असलेल्या आठशेहून जास्त पुरुषांवर दोन चाचण्या झाल्या. औषध मिळालेल्यांचा बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला, म्हणजे साधारण १७ अंश. छान! पण प्लासिबो मिळालेल्यांचाही १८ टक्के, म्हणजे साधारण ९ अंश कमी झाला. त्यामुळे औषधाचा स्वतःचा वाटा सरासरी आठ अंशांच्या आसपास उरतो.

प्लासिबो गट का सुधारला? विचार करा. त्यांनाही सुई टोचली होती. लिंग हाताने सरळ ताणण्याचे व्यायाम त्यांनीही केले. प्रवेशाला किमान ३० अंशांची अट असल्यामुळे, पहिल्या मोजणीत योगायोगाने जास्त भरलेले लोकही आत आले असणार आणि पुढच्या मोजणीत ते सरासरीकडे परतले असणार. औषध त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालं. पण १,०४४ पैकी ५ पुरुषांत आवरण फाटण्याची गंभीर इजा झाली, म्हणून ते प्रशिक्षित डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

बाकी पर्यायांत ताण देणारी उपकरणं, काही इतर इंजेक्शनं आणि शस्त्रक्रिया आहेत. शस्त्रक्रिया आजार स्थिर झाल्यावरच करतात, कारण हलत्या लक्ष्यावर टाके घालून उपयोग नसतो. प्रत्येक शस्त्रक्रियेची किंमतही असते : कधी लांबी थोडी कमी होते, कधी ताठरतेवर परिणाम होतो. म्हणून बाक किती आहे यापेक्षा त्याने अडतंय का, हा प्रश्न आधी येतो. लवकर जाण्याचा फायदा हाच की हा निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

तुम्ही हा विषय घेतलात तर

समजा तुम्हाला महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात याची मोजणी करायची आहे. पहिली अडचण भाषेची येईल. 'तुम्हाला शिश्नवक्रता आहे का?' या प्रश्नाला बहुतेक जण 'नाही' म्हणतील, कारण शब्दच कळणार नाही. 'गुप्तरोग आहे का?' याला तर नक्कीच 'नाही' म्हणतील. 'ताठ झाल्यावर पूर्वीपेक्षा वेगळं, वाकडं दिसतं का? कधीपासून?' हे जमू शकतं. 'पूर्वीपेक्षा' हा एक शब्द जन्मजात बाक आणि पेरोनीज वेगळे करतो. तो गाळला की तुमचा आकडा फुगला.

इंग्रजीत या आजारासाठी १५ प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे. तिचं नुसतं भाषांतर पुरत नाही. मराठीतून पुन्हा उलट भाषांतर, मग थोड्या लोकांना विचारून 'यातून तुम्हाला काय समजलं?' हे बघणं, आणि मग कुठे वापर. समोर बसून विचारण्यापेक्षा स्वतः भरायचा कागद किंवा चित्रं बरी. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चाललं. त्यातल्या मजकुरासाठी त्यांच्यावर खटले झाले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कोर्टात त्यांची बाजू मांडली. तरीही वाचक त्यांना पत्रं लिहून प्रश्न विचारत राहिले. मराठी माणूस या विषयावर बोलतच नाही असं नाही. त्याला खाजगीपणा आणि न हसणारा श्रोता लागतो.

आणि नैतिकता समितीकडे अर्ज करताना एक गोष्ट आधीच ठरवा. सर्वेक्षणात कुणी 'हो, मला आहे' असं सांगितलं, तर पुढे काय? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी व्यक्तीच्या हिताला आणि गोपनीयतेला मोठं स्थान आहे. निदान जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि ओपीडीचे वार लिहिलेला एक कागद प्रत्येकाच्या हातात द्या. 'नाही' म्हणणाऱ्यालाही द्या. त्यातले काही जण घरी जाऊन तो वाचतील.

सरावासाठी एक काम : तुमच्या स्वतःच्या विषयातला एक आकडा घ्या, जो तुम्ही प्रस्तावनेत वापरणार आहात. मूळ पेपर उघडा आणि तीन ओळी लिहा. कुणाला मोजलं, कशाला 'आहे' म्हटलं, आणि कोण गप्प राहिलं. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.